स्वस्त फळीची बाजू

कवितेची समीक्षा होते, चित्रपटाची होते, इमारतीचीही होते. पण एखाद्या वापरातल्या वस्तूची समीक्षा करायला आपण सहसा धजत नाही. वस्तूबद्दल लिहायचे तर एकतर ती विकत घ्यावी की नाही एवढेच लिहायचे, नाहीतर ती आता मिळत नाही म्हणून हळहळायचे, अशी आपली सवय. वास्तविक वस्तूलाही रचना असते, परंपरा असते, तिच्या प्रत्येक वळणामागे कुणाचा तरी निर्णय असतो आणि ती दुसऱ्या कामासाठी वापरू पाहिली की हे सारे निर्णय एकामागून एक उघडे पडतात. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक वस्तू आहे: रस्त्यावरच्या कसरतींसाठी वापरून जुनी झालेली स्केटबोर्डची फळी, आणि तिच्यातून कमी खर्चात घडवलेला स्लॅलमचा बोर्ड. विषय मराठी वाचकाला आडवळणाचा वाटेल याची कल्पना आहे. तरीही त्यात गुंतलेला प्रश्न आडवळणाचा नाही, असे मला वाटते.

प्रथम स्लॅलम म्हणजे काय ते पाहू. मूळ शब्द नॉर्वेजियन. उतारावरची वाट असा त्याचा साधारण अर्थ. बर्फावर घसरताना रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी वळणे घेत खाली येण्याच्या शर्यतीला हे नाव पडले आणि तिथून ते स्केटबोर्डकडे आले. हलक्या उताराच्या रस्त्यावर एका रांगेत किंवा डावी-उजवीकडे सरकवून प्लास्टिकचे छोटे शंकू मांडतात. त्यांच्या मधून वळणे घेत खेळाडू खाली येतो. वेळ मोजली जाते आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे त्या वेळेत ठरावीक दंड मिळवला जातो. शंकू जवळजवळ असतील तर त्या प्रकाराला टाइट, लांब लांब असतील तर जायंट आणि मधल्या अंतरांना हायब्रिड म्हणतात. या खेळात उडी नाही, कठड्यावरून घसरणे नाही, हवेत फळी फिरवणे नाही. पाय फळीवरून हलत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ एक लय दिसते.

या शर्यतीसाठी आज खास बोर्ड मिळतात. निरनिराळ्या पदरांची फळी, यंत्रावर कोरून काढलेले अचूक ट्रक, मऊ आणि मोठी चाके असा पूर्ण संच घ्यायचा तर खर्च सहज काही शे डॉलरच्या घरात जातो. ज्याला हा खेळ फक्त करून पाहायचा आहे त्याला मग सल्ला मिळतो तो असा: तूर्त जुन्या फळीवर भागवून घे, पुढे पैसे आले की खरा बोर्ड घे. माझे म्हणणे या सल्ल्याच्या उत्तरार्धाविरुद्ध आहे, त्याहून अधिक त्यातल्या 'तूर्त' या शब्दाविरुद्ध आहे. जुन्या फळीतून स्लॅलमचा बोर्ड घडवणे ही तात्पुरती तडजोड नसून या खेळात शिरण्याचे ते सर्वांत योग्य दार आहे. ते दार बंद झाले तर खेळाचे नुकसान होईल, असे मी म्हणतो. त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

स्केटबोर्डचा जन्मच मुळी दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूच्या मोडतोडीतून झाला. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मुले रोलर स्केट सुटे करून त्यांची चाके लाकडी फळ्यांखाली ठोकत होती. समुद्रात लाटा नसल्या की लाटेवरची वळणे पदपथावर घ्यायची, हा त्यामागचा हेतू. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यात बनलेले बोर्ड बाजारात आले, स्पर्धा भरू लागल्या, आणि १९६५ साली 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर स्केटबोर्डवर हातांवर उभी राहिलेली पॅट मॅगी झळकली. पण चाके मातीच्या मिश्रणाची होती. ती कठीण होती, रस्ता धरत नसत, आणि लहानसा खडा मध्ये आला की बोर्ड जागीच थांबे, वरचा मुलगा मात्र पुढे जाई. अपघात वाढले, अनेक शहरांनी बंदी घातली, आणि त्याच सुमारास ही लाट ओसरली.

ती पुन्हा उठली एका चाकामुळे. व्हर्जिनिया राज्यातील पर्सेलव्हिल या गावी एका कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके बनत. ती स्केटिंगच्या सभागृहांत भाड्याने देण्याच्या रोलर स्केटसाठी होती. १९७० साली फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने ती पाहिली, आपल्या बोर्डाला लावली आणि पुढे कॅलिफोर्नियात 'कॅडिलॅक' या नावाने विकायला आणली. ही चाके रस्ता पकडत होती, खडा गिळून पुढे जात होती. म्हणजे स्केटबोर्डच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाही एका वेगळ्याच कामासाठी बनलेल्या वस्तूच्या स्थलांतरातून घडला. पाठोपाठ १९७० च्या दशकाच्या मध्यावर बंदिस्त बेअरिंगची चाके आणि खास स्केटबोर्डसाठी ओतलेले रुंद ट्रक आले.

वळण घेऊ शकणारा बोर्ड हाती आल्यावर लोकांनी जे केले ते म्हणजे स्लॅलम. सॅन दिएगोच्या उत्तरेला ला कोस्टा येथे घरबांधणीसाठी डांबरी रस्ते तयार झाले होते, घरे मात्र अजून उभी राहायची होती. त्या गुळगुळीत, निर्मनुष्य उतारांवर १९७५ च्या सुमारास हेन्री हेस्टर, बॉबी पियर्सी यांच्यासारखे खेळाडू शंकू मांडून शर्यती खेळत. फळ्याही बदलल्या. बॉब टर्नर यांच्या फायबरग्लासच्या, मध्यभागी किंचित वर उचललेल्या फळ्यांचे नावच 'समरस्की' होते, म्हणजे उन्हाळ्यातली स्की. वळणात फळी दबते आणि वळण संपताना उसळून खेळाडूला पुढच्या वळणात ढकलते, हे तत्त्व त्यात वापरलेले होते.

पुढची कथा अधिक प्रसिद्ध आहे. १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव कोरडे राहिले, मुले त्यांत उतरली, मग सिमेंटचे स्केटपार्क झाले आणि दशकाअखेर त्यांतले बहुतेक बंदही पडू लागले. फ्लोरिडात अ‍ॅलन गेल्फंडने हात न लावता फळीसकट उडी मारण्याची युक्ती शोधली. १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर साध्य केली. त्या एका उडीने फळीचा आकार बदलून टाकला. दोन्ही टोके वर वळलेली, पुढे-मागे जवळजवळ सारखी, सात पदरी मेपलची फळी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात रूढ झाली आणि आज स्केटबोर्ड म्हटले की डोळ्यांपुढे येते ती हीच. स्लॅलम या काळात जवळजवळ दिसेनासे झाले. २००१ साली कॅलिफोर्नियातील मॉरो बे येथे जॅक स्मिथ यांनी जागतिक स्पर्धा भरवली तेव्हा ते पुन्हा उजेडात आले. तोवर वेगळे स्लॅलम बोर्ड दुकानांतून नाहीसे झाले होते आणि परतणाऱ्या अनेकांच्या हाताशी होते ते जुने साहित्य किंवा रस्त्यावरच्या फळ्या. तेव्हा जुनी फळी कापून बोर्ड घडवणे ही या खेळाच्या बाहेरून आलेली गरिबी नाही. खेळ जन्मला तो असाच, आणि पुन्हा उभा राहिला तोही बराचसा असाच.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. रस्त्यावरच्या सर्वसाधारण फळीची लांबी सुमारे ३२ इंच आणि रुंदी सव्वाआठ इंचांच्या आसपास. पुढच्या आणि मागच्या ट्रकच्या आतल्या बोल्टांमधले अंतर सव्वाचौदा इंचांच्या जवळपास असते. वाचकांच्या सोयीसाठी सांगतो की चाकांचा आस ज्या धातूच्या सांगाड्यात बसतो त्याला येथे ट्रक म्हणतात, रस्त्यावरच्या मालमोटारीशी त्याचा संबंध नाही. चाके लहान, ५२ मिलिमीटरच्या आगेमागे, आणि दगडासारखी कठीण. हे सगळे उडीसाठी आहे. अंतर कमी म्हणजे शेपूट दाबल्यावर नाक पटकन वर येते. चाके लहान म्हणजे वजन कमी. कठीण म्हणजे कठड्यावरून घसरताना अडत नाहीत. दोन्ही ट्रक सारखेच वळतात, कारण फळी कधी या टोकाने जाते, कधी त्या टोकाने.

स्लॅलमची गरज नेमकी याच्या उलट आहे. पाय हलणार नाहीत, दिशा बदलणार नाही, चाकाने घसरायचे नाही. पुढचा ट्रक अधिक वळला पाहिजे आणि मागचा कमी. असे केल्याने पुढचे टोक वाट शोधते, मागचे टोक तिच्यावर निमूटपणे चालते आणि खेळाडू मागच्या पायाने जोर देऊ शकतो. जोर देणे हा या खेळाचा गाभा आहे. झोक्यावर उभे राहून झोका वाढवणारी मुलगी खालच्या बिंदूपाशी गुडघे सरळ करते आणि आपले शरीर वळणाच्या केंद्राकडे ओढते; त्या कामाची ऊर्जा झोक्यात जमा होते. स्लॅलमचा खेळाडू आडव्या पातळीत तेच करतो. प्रत्येक वळणाच्या पोटात तो शरीर आतल्या बाजूला ताणतो, बाहेरच्या बाजूला सैल सोडतो आणि सपाट रस्त्यावरही पाय जमिनीला न लावता वेग वाढवतो. यासाठी रस्ता घट्ट धरणारे चाक हवे. घसरणाऱ्या चाकावर ही सारी मेहनत वाया जाते.

मग जुन्या फळीचे काय करायचे? सर्वांत सुंदर युक्ती पुढच्या ट्रकची आहे. फळीच्या नाकाकडे असलेल्या चार भोकांपैकी बाहेरची दोन तशीच ठेवायची, त्यांना आता आतली भोके समजायचे, आणि त्यांच्या पुढे सव्वादोन इंचांहून किंचित कमी, नेमके सांगायचे तर २.१२५ इंचांवर, दोन नवी भोके पाडायची. जुन्या, १९८० च्या दशकातल्या ट्रकसाठी हे अंतर अडीच इंच असे, म्हणून आपल्या ट्रकच्या तळाचे माप आधी घ्यावे. गुण्या लावून मध्यरेषा आखावी, कारण भोक तिरके गेले तर बोर्ड आयुष्यभर एका अंगाने ओढेल. एवढ्याने ट्रकांमधले अंतर सव्वासोळा इंचांच्या थोडे पुढे जाते, म्हणजे टाइट स्लॅलमला चालेल इतके होते. शिवाय ट्रक आता नाकाच्या चढावर बसतो. त्याचा बाहेरचा भाग वर उचलला जातो, वळण्याचा अक्ष अधिक उभा होतो, आणि खास पुढच्या ट्रकसाठी लोक पैसे मोजतात तो कोन फळीच्या वाकातून फुकट मिळतो. उडीसाठी दिलेला वाक वळणासाठी कामी येतो. वाकामुळे ट्रकच्या तळाशी फट राहते. ती लाकडाची पाचर कानशीने घासून, नेमकी बसवून भरावी लागते.

मागचा ट्रक मूळ जागीच ठेवायचा, पण त्याच्याखाली पाचर घालायची आणि तिची जाड बाजू शेपटीकडे करायची. त्याने अक्ष आडवा होतो आणि ट्रक कमी वळतो. पुढे मऊ रबरी बुश, मागे थोडे कडक. चाके ६० ते ७० मिलिमीटरची, मऊ. ती वळताना फळीला घासतील, म्हणून ट्रकखाली उंची द्यावी लागते आणि चाकांच्या वर फळीत कानशीने खोलगट खोबण काढावी लागते. कडा कापून फळी सात इंचांवर आणायची, नाकाचा उरलेला शेंडा उतरवायचा, कापलेल्या कडांना वॉर्निशचा हात द्यायचा म्हणजे पदरांत पाणी शिरत नाही. शेवटी काचपेपरासारखी खरखरीत ग्रिप टेप, आणि मागच्या पायाखाली तिच्या आत घट्ट फोमचा उंचवटा, म्हणजे पायाला टेकण मिळते.

या कापाकापीचा आणखी एक परिणाम होतो. पट्टीचे दोन आधार जितके दूर, तितकी ती अधिक वाकते; आणि हे वाकणे अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी कमी झाली की त्या प्रमाणात आणखी वाकते. वर सांगितलेली मापे धरली तर फळीची लवचीकता मूळच्या दीडपटीहून बरीच अधिक होते. उडी मारणाऱ्याने 'मेली' म्हणून टाकून दिलेली फळी अशा रीतीने पुन्हा दबू-उसळू लागते. टर्नर यांच्या फायबरग्लासची बरोबरी ती अर्थातच करणार नाही. पण तत्त्व तेच आहे, आणि ते तत्त्व ज्याने स्वतःच्या हातांनी फळीत उतरवले त्याला ते पुन्हा कुणी समजावून सांगावे लागत नाही.

येथे माझा मुख्य मुद्दा येतो. दुकानातला तयार बोर्ड उत्तर देतो. जुनी फळी प्रश्न विचारायला लावते. पुढचा ट्रक अधिक का वळावा, अंतर किती असावे, उंची वाढवली तर काय गमावले, ही सारी उत्तरे तयार बोर्डात असतात, पण बंद पाकिटात. तो वापरणारा वर्षानुवर्षे खेळूनही ती न उघडता राहू शकतो. फळी कापणाऱ्याला ती चैन परवडत नाही. चुकीच्या बाजूने पाचर बसली तर पहिल्याच उतारावर बोर्ड थरथरून त्याला तसे सांगतो. हे ज्ञान अंगात मुरलेले ज्ञान आहे, आणि एखादा खेळ जिवंत राहतो तो असे ज्ञान असलेल्यांच्या संख्येवर, विकल्या गेलेल्या संचांच्या संख्येवर नव्हे.

याविरुद्ध तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप वेगाचा. घरी घडवलेला बोर्ड हळू असतो. हे खरे आहे. अव्वल खेळाडूंच्या शर्यतीत सेकंदाच्या शतांशांवर निकाल लागतात आणि तेथे अचूक ट्रकचा फरक पडतो. पण नवशिक्याचा वेळ ट्रकमुळे जात नाही. तो उशिरा वळतो, शंकूकडे पाहत राहतो, शरीर बाहेर टाकतो, म्हणून जातो. त्याला महागडा बोर्ड देणे म्हणजे अक्षर सुधारावे म्हणून सोन्याच्या निबेचे पेन देण्यासारखे आहे. ज्या दिवशी बोर्ड त्याला अडवू लागेल त्या दिवशी तो का अडवतो हे त्याला नेमके कळलेले असेल, आणि मग काय विकत घ्यायचे हेही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो सर्वांत गंभीर. जुनी फळी तडकलेली असू शकते. याला उत्तर काटकसरीच्या गौरवाने देता येणार नाही. तपासणीनेच द्यावे लागेल. ट्रकच्या भोकांपासून निघालेली तड असेल तर ती फळी बाद. पदर सुटले असतील तर बोटाने टिचकी मारल्यावर आवाज पोकळ येतो, तीही बाद. टोकांना उडालेले तुकडे चालतात, कारण ती टोके आपण कापणारच असतो. खर्च कुठे वाचवायचा यालाही विवेक लागतो. लाकूड जुने चालेल, ट्रक जुने चालतील, बेअरिंग तर चालतीलच. चाके, बुश आणि हेल्मेट यांवर मात्र पैसा घालावा. आणि असा बोर्ड वाहत्या रस्त्यासाठी नाही, तीव्र उतारासाठीही नाही; वाहने येत नाहीत अशा सौम्य उतारासाठी आहे.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. हातातल्या साधनांत भागवण्याचा गौरव ही खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांची हौस आहे, असे म्हणता येईल. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात उरल्यासुरल्या वस्तूंतून रचना करणारा कारागीर आणि आराखडा आखून साहित्य मागवणारा अभियंता असा भेद मांडला, तेव्हापासून बुद्धिवंतांना त्या कारागिराचे फार आकर्षण आहे. आपल्याकडे 'जुगाड' या शब्दाभोवती गेल्या काही वर्षांत असेच तेजोवलय निर्माण झाले. नीट रस्ता नसताना, नीट दवाखाना नसताना लोक काहीतरी करून निभावतात याचे कौतुक करता करता रस्ता आणि दवाखाना का नाही हा प्रश्न बाजूला पडतो. हा आरोप मला मान्य आहे. शिवाय 'स्वस्त' या शब्दात करवत, ड्रिल, कानस आणि एक मोकळा रविवार यांची किंमत धरलेली नसते, हेही मान्य आहे.

तरीही जुगाड आणि घडण यांत मला फरक दिसतो. जुगाडाची कसोटी एवढीच की आजचे काम निघाले की नाही. घडणीत वस्तूचे गुणधर्म जाणून, मापे घेऊन, कारणे समजून तिला नवे काम दिलेले असते. आपल्या गोधडीचे उदाहरण घ्या. जुन्या लुगड्यांची ती शिवली जाते म्हणून तिला कुणी नव्या रजईची तात्पुरती जागा घेणारी म्हणत नाही. वापराने मऊ पडलेले सुती कापडच तिला हवे असते, आणि टाक्यांची ओळ कशी फिरवायची याचे एक शास्त्र घराघरांत असते. जुनी फळी गोधडीसारखी आहे. तिचे जुनेपण हा तिचा दोष नसून तिच्या घडणीतली सामग्री आहे.

स्लॅलमकडे एकूणच दुर्लक्ष का झाले, याचाही येथे विचार करायला हवा. स्केटबोर्डचा जो इतिहास जगभर पोहोचला तो बंडखोरीचा इतिहास आहे. स्टेसी पेराल्टा यांचा 'डॉगटाउन अँड झी-बॉइज' हा माहितीपट २००१ चा. कोरड्या तलावांत शिरणारी, नियम झुगारणारी मुले हे त्याचे नायक. इयन बॉर्डन या वास्तुइतिहासकाराचा स्केटबोर्ड आणि शहर यांवरचा ग्रंथही त्याच वर्षीचा. शहराने एका हेतूने बांधलेल्या कठड्याचा, पायरीचा दुसराच अर्थ लावणारी टीकाकार मंडळी म्हणून तो स्केटबोर्डवाल्यांकडे पाहतो. दोन्ही कृती महत्त्वाच्या आहेत. पण या चौकटीत घड्याळ लावून शंकूंमधून जाणारा माणूस बसत नाही. तो ना बंडखोर दिसतो, ना चमत्कार करून दाखवतो. टोकियोतील २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डचा समावेश झाला तो स्ट्रीट आणि पार्क या दोन प्रकारांत, म्हणजे परीक्षकांनी गुण द्यायच्या प्रकारांत. ज्या प्रकारात निकाल केवळ घड्याळ देते तो बाहेर राहिला, हा विरोधाभास मजेशीर आहे.

माझ्या मते बॉर्डन यांचा विचार पुढे नेला तर तो नेमका या जुन्या फळीपाशी येऊन पोहोचतो. कठड्याचा दुसरा अर्थ लावणे ही जर टीका असेल, तर कठड्यासाठी बनलेल्या फळीचा दुसरा अर्थ लावणे हीही टीकाच. फरक इतकाच की ही टीका दुसऱ्याच्या मालमत्तेवर नाही, आपल्याच परंपरेवर आहे. स्केटबोर्डच्या धंद्याने गेली तीस वर्षे एकच आकार जवळजवळ सर्व कामांसाठी विकला आणि तो झिजला की तोच पुन्हा घ्या असे सांगितले. उत्तर अमेरिकेतले हे कठीण मेपल सावकाश वाढते. त्याची फळी जोमाने वापरणाऱ्याकडे थोड्या महिन्यांत निकामी ठरते. हारोशी हा जपानी कलावंत अशा टाकून दिलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून शिल्पे कोरतो; पदरांचे रंगीत पट्टे त्यांत फार देखणे दिसतात. ती शिल्पे दालनात राहतात. स्लॅलमसाठी कापलेली फळी रस्त्यावर परत जाते. दोहोंतले एक निवडायचे झाले तर मी दुसरे निवडीन.

मराठी वाचकाला हे सारे वाटते तितके परके नाही. चाळींच्या गच्चीवर, गावाकडच्या उतारावर बेअरिंगची गाडी ओढलेली एक पिढी अजून आपल्यात आहे. गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बेअरिंग, फळकुटाला ठोकलेला आडवा दांडा, वळवायला सुतळी. गाडी एका अंगाला का जाते, पुढचा दांडा मधल्या खिळ्याभोवती सैल का हवा, हे त्या मुलांना कुणी शिकवले नव्हते. स्केटबोर्डच्या चाकात बसते ते ६०८ क्रमांकाचे बेअरिंग, आठ मिलिमीटर भोकाचे आणि बावीस मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे, आपल्या कोणत्याही शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात क्रमांक सांगितला की मिळते, कारण ते लहानमोठ्या कितीतरी यंत्रांत असते. मध्य प्रदेशातील जनवार या गावी २०१५ साली स्केटपार्क झाला आणि खेड्यातली मुले त्यावर किती सहज वावरू लागली हे अनेकांनी पाहिले. स्लॅलमला तर पार्कही लागत नाही. गतिरोधक नसलेला एक बंद उतार, डझनभर शंकू किंवा पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटल्या, आणि कुणीतरी टाकून दिलेली फळी पुरते. ही फळी मिळवणे हाच आपल्याकडे अवघड भाग आहे, कारण चांगली फळी बहुधा आयात केलेली आणि महाग असते. म्हणूनच ती एका कामातून उतरल्यावर दुसऱ्या कामाला लावण्याचे मोल येथे अधिक.

एक सूचना करून थांबतो. जेथे जेथे स्लॅलमच्या शर्यती भरतात तेथे वयाचे आणि कौशल्याचे गट असतात. त्यांत एक गट साहित्याचाही असावा: फळी आधी दुसऱ्या कामासाठी वापरलेली असली पाहिजे आणि ती भाग घेणाऱ्याने स्वतः कापलेली, भोके पाडलेली असली पाहिजे. हेल्मेट आणि तडेतपासणी सक्तीची. बक्षीस म्हणून रोख रक्कम नको. नव्या चाकांचा एक संच पुरे. अशा गटाने अव्वल शर्यतीला धक्का लागणार नाही. अचूक ट्रक घडवणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदर आहे, त्यांनी आपले काम चालू ठेवावे. पण शर्यतीच्या मैदानात एका टोकाला चार मुले आपापल्या बोर्डाच्या पाचरा काढून, उलट्या घालून, पुन्हा पाना आवळून पाहत आहेत, असे दृश्य ज्या खेळात दिसते त्याला नवे खेळाडू कुठून येतील याची काळजी करावी लागत नाही. ते दृश्य दिसत नसेल तर मात्र बाकी सर्व उत्तम असूनही ती काळजी करायला हवी.